चौरस मिलिमीटरात अख्खा महाराष्ट्र

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 23 लाख 74 हजार 333 भरली होती. आता मध्यम किमतीच्या गेमिंग कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाची चिप घ्या आणि तिचा फक्त एक चौरस मिलिमीटर तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्या तुकड्यात साधारण 11 कोटी 90 लाख ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म स्विच, आहेत. चांद्यापासून बांद्यापर्यंत प्रत्येकाला एकेक वाटला तरी साठ-पासष्ट लाख शिल्लक राहतील.

हे कार्ड म्हणजे एनव्हीडियाचं आरटीएक्स 4060. जून 2023 मध्ये ते अमेरिकेत 299 डॉलरला बाजारात आलं. कंपनीच्या रांगेत ते वरचं नव्हे, चांगल्यापैकी खालच्या पायरीवरचं. त्याची पूर्ण चिप 159 चौरस मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी, आणि तिच्यात ट्रान्झिस्टर 1,890 कोटी. सेकंदाला एक या गतीने, न झोपता, न थांबता कुणी ते मोजायला बसलं तर सहाशे वर्षं लागतील. बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली त्या सुमारास मोजणी सुरू झाली असती, तर ती आत्ता कुठे संपत आली असती.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि दिवाळी जवळ आली की हजारो घरांत एकच वाद सुरू होतो: गेमिंग पीसी सुटे पार्ट आणून घरी बांधायचा की तयार घ्यायचा? मुलगा म्हणतो, बांधू, स्वस्त पडेल. वडील म्हणतात, बिघडला तर कुणाकडे जायचं? वाद बहुतेक पाच-सात हजार रुपयांभोवती फिरतो. मला वाटतं, त्या खोक्यात नेमकं काय आणि किती आहे हे एकदा पाहिलं की हा प्रश्नच वेगळा दिसायला लागतो.

ही चिप तैवानमध्ये टीएसएमसीच्या कारखान्यात तयार होते. तिच्यावरच्या सर्वांत बारीक रेघा ज्या प्रकाशाने उमटवतात त्याची तरंगलांबी 13.5 नॅनोमीटर. असा प्रकाश देणारा दिवा कुठेच मिळत नाही, म्हणून तो घडवावा लागतो. वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला 50,000 या वेगाने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन घाव घालतात. पहिल्या घावाने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून हा प्रकाश निघतो. सेकंदाला पन्नास हजार वेळा, एकही थेंब न चुकता. हे यंत्र नेदरलँड्समधली एएसएमएल कंपनी बनवते. त्याचं वजन 180 टनांच्या घरात असतं आणि असं यंत्र विकणारी दुसरी कंपनी आज जगात नाही. त्या यंत्राखालून 300 मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती जाते आणि एका चकतीतून आपल्या कार्डाच्या साडेतीनशे ते चारशे चिप निघतात.

ही झाली एक चिप. मधल्या किमतीच्या मशीनमध्ये तिच्या जोडीला एएमडीचा रायझन 5 5600 सारखा प्रोसेसर असतो. त्यात सिलिकॉनचे दोन तुकडे: एकात 415 कोटी ट्रान्झिस्टर, दुसऱ्यात 209 कोटी. 1971 साली आलेल्या इंटेलच्या 4004 या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये 2,300 होते. रॅमचा हिशोब याहून मोठा आहे. 16 जीबी रॅम म्हणजे 13,744 कोटी बिट, आणि प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. हे कपॅसिटर गळके असतात, साठवलेला भार धरून ठेवत नाहीत. म्हणून दर 64 मिलिसेकंदांत सगळेच्या सगळे पुन्हा भरावे लागतात. तुम्ही नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून चहा प्यायला गेलात तरी रॅमच्या पट्ट्यांत दर सेकंदाला दोन लाख कोटींहून अधिक वेळा ही भरणी चालू असते.

कार्डाची स्वतःची 8 जीबी मेमरी वेगळी, तिचे 6,872 कोटी बिट. आणि 1 टीबीची एसएसडी? तिच्यात 8 लाख कोटी बिट मावतात. आजच्या बहुतेक एसएसडीत एका कप्प्यात तीन बिट ठेवतात, म्हणजे कप्पे झाले सुमारे 2 लाख 67 हजार कोटी, आणि प्रत्येक कप्पा म्हणजे एक ट्रान्झिस्टर. सगळं मिळवलं तर टेबलाखालच्या त्या खोक्यात सुमारे 2 लाख 90 हजार कोटी ट्रान्झिस्टर भरतात. आपल्या आकाशगंगेत तारे 10,000 ते 40,000 कोटी असावेत असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मोठा आकडा धरला तरी खोक्यातले ट्रान्झिस्टर त्याच्या सातपट.

आता यातलं घरी बांधणाऱ्याच्या हाताला काय येतं ते पाहा. मदरबोर्डचे नऊ स्क्रू, एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) चार, कूलरचे चार, कार्डाचे दोन, एसएसडीचा एक, कॅबिनेटच्या झाकणांचे चार. कनेक्टर म्हणाल तर बोर्डाचा 24 पिनांचा, प्रोसेसरचा 8 पिनांचा, कार्डाचा 8 पिनांचा, पंख्यांचे, यूएसबीचे, आवाजाचे आणि समोरच्या बटणांचे चार नाजूक. दोन डझन स्क्रू आणि दीड डझन जोड. 2 लाख 90 हजार कोटी गोष्टी आधीच जोडून आलेल्या असतात. म्हणून ‘बांधलेला’ आणि ‘तयार’ या दोन मशीनमधला फरक एवढ्या चाळीस-पन्नास जोडांपुरता आहे, आणि ते काम पहिल्यांदा करणाऱ्यालाही एका दुपारी जमतं.

त्यात खरी धाकधूक एकाच ठिकाणी असते. रायझन 5600 च्या पोटाला 1,331 सोनेरी पिना असतात, एखादी वाकली तर मशीन सुरू होईलच असं नाही. सॉकेटची लहानशी दांडी वर करायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर अलगद ठेवून बोटं काढून घ्यायची. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबावं लागतंय असं वाटलं की समजायचं, बाजू चुकली. दांडी खाली केली की 1,331 जोड एका क्षणात पुरे होतात. रॅमची पट्टी बसवताना मात्र उलट: तिथे दोन्ही टोकांना खटका ऐकू येईपर्यंत जोर लावायला लागतो, आणि बोर्ड किंचित वाकतो तेव्हा नवख्याच्या पोटात गोळा येतो. भिऊ नये, तो तेवढा वाकतोच.

हे सगळं करतं काय? आरटीएक्स 4060 मध्ये 3,072 गणिती केंद्रं आहेत. ती सेकंदाला सुमारे 246 कोटी ठोक्यांनी चालतात आणि प्रत्येक ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज करतात. गुणून पाहा: सेकंदाला 15 लाख कोटी गणितं. पृथ्वीवरच्या 800 कोटी माणसांनी, तान्ह्या बाळांसकट, सेकंदाला एकेक बेरीज केली तर या कार्डाचं एका सेकंदाचं काम उरकायला सगळ्या मानवजातीला अर्धा तास लागेल.

पुणेकरांना हा आकडा वेगळ्या मापाने कळेल. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला खळखळ केली, त्यानंतर 1988 साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. त्याची कमाल गती सेकंदाला 100 कोटी गणितं, म्हणजे एक गिगाफ्लॉप. देशाची मान उंचावणारं काम होतं ते, आणि आजही त्याचा अभिमान वाटतो. पुढे सी-डॅकच्याच ‘परम पद्म’ने एक टेराफ्लॉपचा टप्पा गाठला आणि 2003 मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत जागा मिळवली. तुलना सरळ नाही हे सांगायला हवं. महासंगणकांची गती जास्त दशांशांच्या, दुप्पट अचूक गणितात मोजतात आणि गेमिंग कार्ड त्या गणितात मुद्दाम कमकुवत ठेवलेलं असतं. तिथे 4060 ची गती एक-चौसष्टांशावर येते, म्हणजे परम पद्मच्या पावपटीच्या आसपास. तरीही ती परम 8000 च्या दोनशेपटींहून जास्त आहे, आणि तीही 115 वॅटमध्ये, दीड पंख्याच्या विजेत.

एवढी गणितं लागतात कशाला? 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर हा पडदा सेकंदाला 144 वेळा नव्याने रंगवायचा, म्हणजे दर सेकंदाला जवळपास 30 कोटी ठिपके. 15 लाख कोटींना त्याने भागलं तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला 50 हजार गणितं येतात. सावली कुठे पडते, पाण्यात काय दिसतं, धूर किती दाट, सगळं त्या पन्नास हजारांत ठरतं आणि पूर्ण चित्राला मिळतात सात मिलिसेकंद. एवढ्यासाठी आपण पैसे मोजतो. हे आकडे पडद्यापर्यंत पोचतात की वाटेत गळून जातात, हा माझ्या मते बांधण्या-घेण्याच्या वादातला एकमेव महत्त्वाचा मुद्दा आहे.

गळतात ते असे. तयार खोक्यावर ‘16 जीबी रॅम’ लिहिलेलं असतं. आत 8 च्या दोन पट्ट्या आहेत की 16 ची एक, ते लिहिलेलं नसतं. डीडीआर4-3200 ची एक पट्टी प्रोसेसरला सेकंदाला 25.6 जीबी माहिती पुरवते, दोन पट्ट्या 51.2 जीबी. भाव तोच, जीबी तेवढेच आणि वाट निम्मी अरुंद. ही काटकसर सर्रास होते. पुढची गंमत नावाची: आरटीएक्स 3050 नावाची दोन कार्डं आहेत. 8 जीबीच्या मूळ कार्डात 2,560 केंद्रं आणि मेमरीचा वेग सेकंदाला 224 जीबी, 6 जीबीच्या कार्डात 2,304 केंद्रं आणि 168 जीबी. वाचणाऱ्याला वाटतं फरक दोन जीबीचा आहे. मुळात कार्डच वेगळं आहे.

याहून वाईट प्रकार ऑनलाइन दिसतो आणि तो पाहून मला राग येतो. वीस-पंचवीस हजारांत ‘गेमिंग पीसी, कोअर आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स’. आय-सेव्हन हे नाव 2008 पासून अनेक पिढ्यांच्या प्रोसेसरना दिलं गेलं आहे आणि पिढी सांगितलेली नसते. आत बहुधा 2012 च्या सुमाराचा जुना प्रोसेसर आणि 2014 सालचं जीटी 730 कार्ड निघतं. 2012 च्या आय-सेव्हन 3770 ची चिप 160 चौरस मिलिमीटरची, म्हणजे आपल्या 4060 च्या चिपेएवढीच, आणि तिच्यात ट्रान्झिस्टर 140 कोटी. तेवढ्याच जागेत अकरा वर्षांनी 1,890 कोटी बसले. जीटी 730 ची केंद्रं 384, गती 4060 च्या बाविसाव्या हिश्शाइतकी. आईवडिलांनी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे अशा खोक्यात जातात आणि मुलाला नवा गेम उघडताही येत नाही.

स्वतः बांधणाऱ्यांच्याही हातून आकडे गळतात. 3200 ची रॅम आणली तरी ती 2133 किंवा 2400 वरच सुरू होते, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये 60 वरच राहतो आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावणं तर नेहमीचंच. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असलं तर चित्र दिसतं, गेम रखडत चालतो आणि तीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून राहतं.

आणि एसएमपीएस. लोकांना सर्वांत कंटाळवाणा वाटणारा हा डबा, म्हणून तयार खोक्यात सर्वांत आधी कात्री याच्यावर. पण त्याचं काम बघा. चिपा चालतात साधारण एका व्होल्टवर. व्होल्ट कमी म्हणजे तेवढ्याच वॅटसाठी अँपिअर जास्त. 65 वॅटच्या रायझनला क्षणभर 90 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढायची मुभा असते. घरातल्या एसीचा एमसीबी 20 अँपिअरचा असतो, त्यावरून अंदाज येईल. आपल्या भिंतीतून 230 व्होल्टने येणारी वीज आधी हा डबा 12 व्होल्टवर आणतो आणि मग बोर्ड तिला एका व्होल्टवर उतरवतो, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या मागणीप्रमाणे. आपल्याकडे वीज खालीवर होते, पावसाळ्यात तर तासाला जाते-येते. बिननावाचा ‘450 वॅट’ लिहिलेला डबा जाताना एकटा जात नाही, कधी बोर्ड नेतो, कधी कार्ड. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा आणि किमान 80 प्लस ब्राँझ दर्जाचाच घ्यावा. मशीन दुकानातून तयार आलं तरी एसएमपीएसचं नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशांचा हिशोब थोडक्यात. 2024 च्या अखेरचे ढोबळ भाव धरले तर कार्ड 29 हजार, प्रोसेसर 11, बोर्ड 9, रॅम साडेतीन, एसएसडी साडेपाच, एसएमपीएस साडेचार, कॅबिनेट 4. बेरीज 66,500 रुपये, पैकी सुमारे 10,150 रुपये 18 टक्के जीएसटीचे. मॉनिटर वेगळा. अशाच मशीनला तेव्हा तयार स्थितीत काही हजार जास्त पडत, मोठ्या ब्रँडचं घेतलं तर त्याहून बरेच. मात्र बांधणारे एक खर्च धरतच नाहीत. ब्रँडच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा विंडोज येतं, घरी बांधलेल्यासाठी ते दहा हजारांच्या आसपास वेगळं घ्यावं लागतं. रीतसर लायसन्स घेतलं तर वाचलेले पैसे तिथेच बरोबरीला येतात.

शिवाय बाजार उलटतो. 2021 मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे सुटी कार्डं दामदुपटीने विकली जात होती आणि कार्ड हवं तर तयार मशीन घ्या अशी वेळ आली होती. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत तीच पाळी रॅमवर आली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांनी तिघींचा माल उचलायला सुरुवात केली आणि सुट्या रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात जुन्या भावाने माल भरून ठेवलेल्या दुकानदाराचं तयार मशीन सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतं. म्हणून ‘बांधणं नेहमी स्वस्त’ हे वाक्य आता सोडून द्यायला हवं. पार्टांची बेरीज त्या आठवड्यात करावी आणि मगच बोलावं.

निवडीचा आवाका मात्र दडपवणारा आहे. आठ प्रोसेसर, वीस बोर्ड, दहा रॅम, दहा एसएसडी, पंधरा कार्डं, दहा एसएमपीएस, वीस कॅबिनेट, एवढेच पर्याय धरले तरी 4 कोटी 80 लाख जुळण्या होतात. प्रत्येकीवर एक मिनिट विचार केला तर 91 वर्षं. सुदैवाने बरेच पर्याय सॉकेट जुळत नाही किंवा खिसा परवानगी देत नाही म्हणून आपोआप बाद होतात. उरलेल्यांसाठी मी एकच क्रम सांगेन: आधी मॉनिटर ठरवा, त्याच्या ठिपक्यांना पुरेल असं कार्ड ठरवा, कार्डाला साजेसा प्रोसेसर, आणि मग बाकीचं.

आपल्याकडे तिसरा रस्ताही आहे आणि तोच मला बहुतेकांसाठी योग्य वाटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात, नागपुरात, नाशकात असेंबल करून देणारी दुकानं आहेत. यादी तुमची, हात त्यांचे. जोडणीचे थोडे पैसे घेतात किंवा घेतही नाहीत, आणि मशीन समोर सुरू करून दाखवतात. ज्या मुलाला आवड आहे त्याला घरी बांधू द्यावं. मशीन आतून कळतं, पुढे एसएसडी बदलायला किंवा पंखा साफ करायला कुणाची वाट पाहावी लागत नाही, आणि ही समज शिकवणीने येत नाही. ज्याला नोकरी-धंद्यातून वेळ नाही त्याने बेलाशक तयार घ्यावं. बिघाड झाला तर एकाच दारात जायचं, ही सोय लहान नाही. सुट्या पार्टांत प्रोसेसरची वॉरंटी एकाकडे, कार्डाची दुसऱ्याकडे, आणि दोष कशात आहे ते शोधायचं तुम्हीच.

तिन्ही रस्त्यांवर एक गोष्ट मात्र सोडू नका. बिलावर ‘गेमिंग पीसी, 1 नग’ अशी एक ओळ चालवून घेऊ नका. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट अशा सात ओळी, प्रत्येकीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल, रॅमपुढे पट्ट्यांची संख्या, आणि शक्य तिथे सिरीयल नंबर. वॉरंटी मागायला गेल्यावर हाच कागद लागतो. जो विक्रेता ही सात नावं लिहून द्यायला तयार नसेल त्याच्याकडून मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.